ठोकाठोक

घरात एकटेच राहणाऱ्या नानांनी कंत्राटदाराला फाटा देऊन नूतनीकरण स्वतःच अंगावर घेतलं. गवंडी कधी, प्लंबर कधी, सगळं तेच ठरवायचे.

"अहो नाना, डोकं उठलंय या ठोकाठोकीनं!" म्हणत खालच्या मजल्यावरच्या बाई रोज तणतणत वर यायच्या. जाता जाता "तो कोपरा वाकडा दिसतोय हं," असंही सुनावून जायच्या.

शेवटची फरशी बसली. "सुटले बाई एकदाची!" म्हणत बाईंनी हात जोडले. घर आरशासारखं लख्ख झालं, पण त्यानंतर दारावरची बेल काही वाजली नाही.

 

आज नानांनी हातोडा काढला, कोऱ्या करकरीत फरशीवर दोन दणके घातले, आणि दाराची कडी काढून वाट बघत बसले.