बांधापलीकडचा हरभरा

कौसल्या तायडे आपल्या दोन एकरांतल्या कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे खुडून ओटीत टाकत होती. भाजी तर मिळतेच, शिवाय खुडलेलं झाड फुटतंही चांगलं. बांधापलीकडे कंपनीचा सहाशे एकर हरभरा होता. तिथं पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं यंत्रंच करत, शेंडे कुणी खुडत नसे. आज मात्र कंपनीचा साहेब हातात वास मोजणारी डबी घेऊन बांधावर आला होता.

"मावशी, आमचा हरभरा असा घडवलाय, की एका झाडाला जखम झाली तर तिच्या वासानं शेजारचं झाड सावध होतं. पानांवरची आंबट आंब वाढते, मग अळी बसत नाही. यंदा अळी फिरकलीच नाही, तरी सगळं शेत सावध आहे. झाडांना पहिली खबर देतं कोण, तेच कळेना."

कौसल्यानं डबीकडे निरखून बघत एक शेंडा खुडला. डबी वाजली. तिनं दुसरा खुडला, डबी पुन्हा वाजली. थोड्या वेळानं साहेबाच्या मोबाइलवरच्या नकाशात सावध झालेल्या झाडांची एक हिरवी रेघ बांधापासून निघून सहाशे एकरांत आत आत सरकू लागली.

दोघंही डोकी जवळ आणून ती रेघ बघत राहिली.

"म्हंजे माह्या बोटानं तुमचं वावर जागं होते?" ती हसून म्हणाली. मग ओटीतली भाजी तिनं सावकाश टोपलीत ओतली.

"साहेब, मागच्या महिन्यात तुमीच म्हनत होते, दोन एकरात हरभरा परवडत नाही, वावर आमाले विका. आता सांगा, मी विकलं त कोनाले परवडनार नाही?"