दर्दींची यंदाची निवड

"हे पाच?" खजिनदारांनी विचारले. "दर्दी, चेष्टा करताय ना?"

दर्दी चेष्टा करत नव्हते. वर्ष सरताना चित्रपट मंडळाच्या प्रत्येक सभासदाने त्या वर्षातले आपले आवडते पाच सिनेमे सांगायचे, मग हात वर करून त्यांतला एक निवडायचा आणि तो सगळ्यांनी मिळून पुन्हा बघायचा, असा मंडळाचा रिवाज होता. दर्दी हे नाव त्यांना उगाच पडले नव्हते. कवळ्या बनवण्यात आयुष्य गेले, पण जीव सिनेमात. तरुणपणी पहिला खेळ चुकू नये म्हणून सायकल दामटताना ते पडले आणि डावा पाय कायमचा अधू झाला. तरी त्या दिवशी सिनेमा संपल्यावरच ते दवाखान्यात गेले. मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आजसुद्धा जिन्यात त्यांचे पाऊल वाजले, एक ठप आणि मागून घासत येणारी फरफट, तेव्हा चिटणीसबाईंनी मान वर न करताच पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती.

आणि अशा माणसाने निवडले काय? एक भुताचा सिनेमा, ज्यात भूतच जास्त घाबरलेले दिसत होते. एक चोर-पोलिसांच्या पळापळीचा. एक लग्नातल्या घोळाचा. एक डोंगरात वाट चुकलेल्या मित्रांचा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पहिल्या पसंतीला घराच्या वाटणीवरून भांडणाऱ्या दोन भावांचा रडका सिनेमा. तो आठवडाभरही टिकला नाही. मंडळातल्या दुसऱ्या कुणी तो शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता.

"शिवाय हा गृहस्थ डोळे मिटून बसतो," खजिनदार म्हणाले. "भुताच्या सिनेमाला मी शेजारीच होतो ना! झोपा काढून सिनेमे निवडायचे असतील, तर मग आम्हीही दर्दीच की!"

हशा पिकला. मग एकेकाला आठवत गेले, तसा तो विरला. उन्हाळ्यात दर्दींची एकुलती एक लेक अपघातात गेली होती.

"यंदा दुसऱ्या कुणाचा लावू," चिटणीसबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "दर्दींना जरा सावरू दे."

"सावरायचं नंतर बघू," दर्दी म्हणाले. "तो दोन भावांचा सिनेमा लावा. आता तो कुठेच लागलेला नाही. मंडळाने मागितला तर वितरक देईल. मला एकट्याला कोण देणार?"

"अहो, पण त्यात बघण्यासारखं आहे काय?"

"बघण्यासारखं काहीच नाही."

खजिनदारांनी कपाळाला हात लावला. दर्दी खाली बघत बोलू लागले.

"माझी लेक काय काम करायची, ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. बापाने जन्मभर सिनेमे पाहिले आणि पोरगी सिनेमात गेली ती कशाला, तर चालायला! पडद्यावर माणसं चालतात ना, तो पावलांचा आवाज पुष्कळदा मागून भरतात. बंद खोलीत एक जण पडद्याकडे बघत तशी पावलं टाकतो. नायिकेची, चोराची, भुताचीसुद्धा. तिच्यामुळे घरात एक चप्पल जागेवर राहायची नाही. माझ्या जुन्या चपला तर तिने पळवल्या त्या पळवल्याच. केवढा ओरडलो होतो मी. या पाचही सिनेमांत ती चालली आहे. ती गेली, आणि सिनेमे मागून येत राहिले."

खजिनदारांनीच पहिला हात वर केला.

पुढच्या रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. सिनेमा होता तसाच होता. भाऊ भांडत होते, बायका रडत होत्या. पण आज कुणी जांभई दिली नाही. थोरली सून टाचा वाजवत माजघरातून गेली, तेव्हा चिटणीसबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धाकटी अनवाणी अंगणात धावली, तेव्हा खजिनदार पुढे वाकून ऐकू लागले. एका मुलीला इतकी तऱ्हेतऱ्हेची पावले टाकता येतात, याचे सगळ्यांना नवल वाटत होते. दर्दी मात्र अजून डोळे उघडे ठेवून बसले होते. त्यांना जे हवे होते ते अजून आले नव्हते.

शेवट जवळ आला. घर विकायचे ठरले. रुसून निघून गेलेला म्हातारा बाप परत येतो, असा तो प्रसंग होता. पडद्यावर बाप दिसत नव्हता. दोघे भाऊ मान खाली घालून बसले होते आणि समोर बंद दार होते. दर्दींनी डोळे मिटले.

जिन्यात पाऊल वाजले. ठप. मागून फरफट. पुन्हा ठप, पुन्हा फरफट.

अंधारात सगळ्यांच्या माना खोलीच्या दाराकडे वळल्या. चिटणीसबाई खुर्ची पुसायला अर्ध्या उठल्यासुद्धा.

"दर्दी आले वाटतं," खजिनदार सवयीने पुटपुटले.

दार बंदच होते. खजिनदारांनी चमकून शेजारी पाहिले. दर्दी जागेवरच होते. नव्या चपलांतले त्यांचे पाय जमिनीवर स्थिर होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पावले एकेक पायरी चढून वर येत होती. मध्यावर दम खायला थांबली, ते दर्दी जिथे थांबत तिथेच.

"मीच येतोय," दर्दी म्हणाले. "तिच्या पायांनी."