चार बोटं जागा

वैदेहीनं पट्टीला कात्री लावली, तशी द्वारकाबाई दचकल्या. "अगं, आतल्या तारा तुटतील की!"

"न्हाय तुटत, मावशी. ही कापायची, वाकवायची, पाहिजे तिथं जोडायची. एक तुकडा बिघडला तरी बाकीचे चालतात."

भाची बारामतीच्या कॉलेजात असल्याच पट्ट्या बनवायची. पाच महिन्यांपूर्वी द्वारकाबाईंच्या नवऱ्याला, दत्तोबांना झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. आता आपणहून हलणं अवघड, कूस बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून वैदेही निरवांगीला मावशीकडं आली होती. तिनं पट्ट्या चादरीखाली अंथरल्या. अंगाचा भार कुठं, किती वेळ पडतोय, ते मोबाइलवर दिसायला लागलं.

आठवड्यानं ती पुन्हा आली, तेव्हा मोबाइल बघून बुचकळ्यात पडली.

"मावशी, दुपारी साडेबाराला काकांना कोण सरकवतं?"

"कोण सरकवणार? मी मळ्यात असते. घरात कुणीबी नसतं."

"पण रोज भार भिंतीकडं सरकतो. जरा जरा करत चार बोटं. अर्धा तास चालतं हे. एकला थांबतं."

"मग तुझी पट्टीच बिघडली आसंल."

"सगळे तुकडे एकदम कसे बिघडतील? एकला काय असतं?"

"एकला मी येते. हितं काठावर टेकून त्यांना घास भरवते..."

द्वारकाबाई बोलता बोलता थांबल्या. एवढ्याशा खाटेवर आपल्याला बसायला जागा कशी होते, हे त्यांच्याही मनात आलं होतं. माणूस वाळला म्हणून होत असेल, असं त्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मळ्यातून लवकर परतल्या. खिडकीतून आत पाहिलं. दत्तोबांनी डाव्या हातानं भिंतीकडची खाटेची कड धरली होती. डावी टाच रोवून ते अंग ओढत होते. थांबत होते, धापा टाकत होते, पुन्हा ओढत होते. कपाळ घामानं निथळत होतं.

द्वारकाबाईंचा पाय उंबऱ्याकडं उचलला गेला. मग त्यांनी तो मागं घेतला. डोक्यावरचा गवताचा भारा तसाच धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या.

आतली खाट करकरायची थांबली. त्यांनी भारा उतरवला, डोळे पुसले आणि मुद्दाम मोठ्यानं खाकरल्या.

"आले वो मी," म्हणत त्या आत गेल्या आणि खाटेवर ऐसपैस बसल्या.