तांदळात लिहिलेलं नाव

मी उदगीरला घरात बसून इंटरनेटवरची वापराविना पडलेली नावं विकत घेते, अन् ज्याला हवं त्याला विकते. आज धाकटा दीर ‘मंजुश्री मसाले’ हे नाव मागायला आला. नवरा गेल्यावर यानंच मला घरच्या मसाल्याच्या दुकानातून काढलं, पण वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे पैसे भरायला विसरला. सुटलेलं नाव मी घेतलं. आता मोबाइलवर दुकान शोधणारं गिऱ्हाईक माझ्या पानावर येतं अन् तिथल्या जाहिरातींची कमाई मला मिळते. “वैनी, काय घ्यायचं ते घ्या. नाव तर आमच्या दुकानाचं हाय.” “माझंबी हाय. माहेरी मी महानंदा. लग्नात तुमच्या घरानं तांदळात अंगठीनं मंजुश्री लिहिलं. मला कुणी साधं इचारलं न्हाई.” “मग आमी काय करावं?” मी निवडत होते ते तांदळाचं ताट त्याच्यापुढं सरकवलं. “बोटात अंगठी हायच तुमच्या. दुकानाला दुसरं नाव लिहा.”