जिथवर हिरवा रंग

शिंपीणबाई कापडाचा गठ्ठा काखोटीला मारून आल्या आणि स्वतःच्याच घरावरून सरळ पुढे निघून गेल्या. थोडं पुढे गेल्यावर चुकल्याचं ध्यानात आलं, तशा मागे फिरल्या. सकाळी जाताना पिवळं असलेलं दार आता हिरवंगार झालं होतं. दारापाशी त्यांचा दीर, इस्टेटीचा रंगारी, हातातला ब्रश लपवायचा की दाखवायचा या पेचात उभा होता.

"वहिनी, चुकलं," तो म्हणाला. "तबेल्यापासून रंगवत आलो. हात चालला होता, डोकं भलतीकडेच."

खोटं बोलत नव्हता बिचारा. राजघराण्याच्या त्या इस्टेटीत सगळं एकाच हिरव्या रंगाचं. फाटकं, तबेले, तळ्यातल्या होड्या, मधमाश्यांच्या पेट्या, माळ्यांच्या बादल्या, कामगारांच्या घरांची दारं, सगळं. महालाच्या गच्चीवर उभं राहिलं की कुरणं, जंगल, फळबागा, नजर पोचेल तिथवर त्यांच्याच, आणि नजर पोचत नाही तिथेही त्यांच्याच. उन्हाळ्यात चार दिवस हवा खायला यायचं, एरवी सगळं कुलपात. रंगारी एका टोकाला सुरुवात करायचा. दुसरं टोक गाठेपर्यंत पहिल्याचे पोपडे निघायला लागलेले असायचे. असा माणूस झोपेत उशीलाही हिरवा हात मारेल.

या सगळ्याच्या मधोमध शिंपीणबाईंचं घर तेवढं त्यांचं स्वतःचं. सासऱ्यांनी विकलं नाही, नवऱ्यानं विकलं नाही, आणि बाई तर कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. दार पिवळं होतं ते गच्चीवरून दिसावं म्हणूनच.

"वाळलं की पिवळा मारतो," रंगारी म्हणाला. तेवढ्यात इस्टेटीच्या मॅनेजरची गाडी येऊन थांबली. मॅनेजर उतरला, दाराकडे बघून त्याचा चेहरा खुलला.

"वा. सुचलं म्हणायचं शहाणपण."

"साहेब, चुकून लागलाय."

"लागलाय ना? मग आता हात लावायचा नाही. उद्या युवराज पाहुण्यांना गच्चीवर नेणार आहेत. दरवेळी कुणीतरी विचारतंच, ते पिवळं काय आहे म्हणून." मॅनेजर बाईंकडे वळला. "ज्याला हा रंग, ते राजघराण्याचं. इथला जुना रिवाज तुम्हाला मी काय सांगू? तुम्हाला कुणी हाकलत नाहीये. राहा की सुखानं. भाडेकरू म्हणून राहा."

बाईंना आठवलं, पलीकडच्या गिरणीवाल्याचं असंच झालं होतं. पाहुण्यांपुरतं म्हणून त्यानं दार हिरवं करू दिलं, आणि आता स्वतःच्याच घराचं भाडं भरत होता. कोर्टात हा रिवाज टिकला नसता कदाचित. पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवेपर्यंत जो तो म्हणायला लागतो की घर इस्टेटीचंच आहे. मग बाईंना राग आला. असा आला, की कानशिलं तापली.

"म्हणजे रंग लागला ते तुमचं," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

"भिंतीला लागलाय?"

"भिंतीला कशाला लागेल?"

"आणि चौकटीला? भावजी, चौकट रंगवलीत का हो?"

"नाही. चौकटीला हात घालणार, तेवढ्यात भानावर आलो."

"मग स्क्रूड्रायव्हर काढा."

रंगारी जागचा हलेना. त्याचं पोट इस्टेटीवर होतं, पोरांची शाळा इस्टेटीची, डोक्यावरचं छप्परही इस्टेटीचंच. त्यानं मॅनेजरकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग ब्रश डब्यात टाकला, पँटला हात पुसले आणि पिशवीत हात घातला.

"वहिनी, खालून जरा धरा. जड आहे."

बिजागऱ्या सुटल्या. दोघांनी दार उचललं आणि बाईंनी ते सरळ मॅनेजरच्या छातीशी नेऊन टेकवलं. पडू नये म्हणून त्याला ते दोन्ही हातांनी कवटाळावं लागलं. ओला रंग कोटाला लागला, हनुवटीला लागला.

"तुमचं आहे ना? घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" दाराआडून मॅनेजरचा आवाज आला. "बिनदाराच्या घरात झोपणार? चोर शिरला म्हणजे?"

बाई आत गेल्या. शिवणयंत्र ओढत आणलं, मोकळ्या चौकटीत मधोमध मांडलं आणि महालाच्या गच्चीकडे तोंड करून बसल्या. सुईत दोरा ओवून झाल्यावर मग त्यांनी उत्तर दिलं.

"चोराला आधी तुमची फाटकं, तुमचं जंगल, तुमचे पहारेकरी, सगळं ओलांडून यावं लागेल. एवढी मोठी इस्टेट माझ्या घराची राखण करत असताना मला दार हवंय कशाला?"