मागच्या सीटखालचा पाइप

“‘ठीक आहे’ म्हणाला ना, की त्याचं ऐकत बसू नकोस. त्याच्याकडे बघ,” सासू आयलीबाई म्हणाल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी, कॉफी ओतता ओतता. “याचा बापही त्या सकाळी तेच म्हणाला. ठीक आहे म्हणाला, कप धुऊन पालथा घातला आणि अंगणापलीकडच्या सौनात गेला. वाफेच्या त्या खोपटाचं दार शेवटी मलाच उघडावं लागलं.”

मारेननं तेव्हा नुसती मान हलवली होती. आयलीबाईंना दुःख उगाळायची सवयच आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. होणारा नवरा, रीड, तर किती हसतमुख होता.

आता गाडी एका बाजूला ओढायला लागली म्हणून ती रस्त्याच्या कडेला थांबून बर्फात गुडघे टेकून पिकअपच्या मागच्या चाकाची हवा मोजत होती. मीटरवरचा आकडा बघून तिनं पुन्हा लावून बघितलं. आठ. हवी होती पस्तीस. बाकीची चाकंही बसलेलीच होती, एक जरा कमी, एक जरा जास्त. आणि गाडीतला, हवा कमी झाली की पेटणारा पिवळा दिवा मात्र विझलेला.

त्या दिव्यानं मागं तिची झोप उडवली होती. थंडी पडल्यावर बर्फात चालणारी चाकं बसवली, तेव्हापासून तो पेटूनच असायचा. “अगं, हिवाळी चाकांत हवा मोजणारे सेन्सर नाहीत. तो पेटणारच,” रीड सांगायचा. “पण गाडीत बाळ असतं ना,” ती म्हणायची. रोज म्हणायची. मग एका रविवारी दिवा गेला. “केला ठीक,” रीड म्हणाला. “आता तरी झोपशील?”

तिनं आत बसून किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली. सगळे दिवे क्षणभर पेटले. हवेचाही पेटला आणि विझला. म्हणजे दिवा शाबूत आहे. मग हवा बघतंय तरी कोण? मागं आपल्या खुर्चीत बांधलेली इन्गा हातमोजा चघळत होती.

शेजारचा व्हर्न हालोनेन मागून आला आणि थांबला. या रस्त्याला कडेला गाडी दिसली की माणूस थांबतोच.

“कुठं निघालीस पोरी, अख्खं घर गाडीत घालून?”

“आईकडे. रीडच म्हणाला, राहून ये थोडे दिवस.”

“आणि हवा भरायला विसरला?”

“दिवा पेटलाच नाही, व्हर्न.”

व्हर्न तोंडभर हसला. त्यानं मागचं दार उघडलं, इन्गाचं नाक चिमटीत धरलं आणि सीटखाली हात घालून जाड प्लास्टिकचा एक पाइप ओढून काढला. दोन्ही टोकं बंद केलेली, एका टोकाला टायरचा व्हॉल्व्ह. त्यानं तो हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

“हे बघ तुझे सेन्सर. चारही. उन्हाळी चाकांतून काढायचे, यात कोंबायचे, हवा भरून टाकायची. मग बसतात बिचारे सांगत, सगळं झकास आहे. चाक निखळून पडलं तरी झकास. आमच्याकडे निम्म्या गाड्यांत सापडेल हा. बायकोचा जीव थंड राहतो.”

मारेननं पाइप हातात घेतला. हलका होता.

“बाकी नवरा सुधारला हं तुझा,” व्हर्न आपल्या गाडीतून पंप काढून आणत म्हणाला. “दोन हिवाळ्यांमागं नेलेली माझी करवत काल आणून दिली. धार लावून! म्हटलं, अरे, जग बुडणार आहे का? आपल्या गावात नेलेली वस्तू कोण परत करतं?”

“मग? काय म्हणाला?”

“काय म्हणणार? कसं चाललंय विचारलं, तर ठीक आहे म्हणाला.”

खाण बंद पडल्यापासून रीड घरात असून नसल्यासारखा होता. या आठवड्यात मात्र बोलता झाला होता. पाण्याचा मोठा कॉक कुठं आहे, घर तापवणारी तळघरातली भट्टी विझली तर कशी पेटवायची, जनरेटरची दोरी किती जोरानं ओढायची, सगळं त्यानं शेजारी उभं राहून तिच्याकडून करून घेतलं. तिला वाटलं, येतोय माणसात. आज त्यानं गाडीची टाकी काठोकाठ भरून दिली, पण चाकांकडे बघितलंही नाही. पाहुण्याच्या गाडीलासुद्धा चाकांना लाथ मारून बघितल्याशिवाय जाऊ न देणारा रीड. ती निघाली तेव्हा तो फावड्यानं बर्फ ओढत होता. सौनाकडची वाट मोकळी करत होता.

सौना शनिवारी तापवतात. आज मंगळवार होता.

तिनं फोन काढला. रेंज नव्हती. या झाडीत कधीच नसते.

“चाकं राहू देत, व्हर्न. तुम्ही आमच्या घरी जा. आत्ता.”

“आणि तुम्हा दोघींना या थंडीत सोडून?”

“हीटर चालतोय. टाकी भरलीय. इन्गाची खुर्ची सोडून तुमच्या गाडीत बांधेपर्यंत वेळ जाईल. जा. वळणापलीकडे रेंज आली की मदतीला फोन करा, पण थांबू नका.”

व्हर्ननं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या पाइपाकडे. रीडच्या बापानं त्या सौनात जीव दिला, तेव्हा खांदा देणाऱ्यांत तो होता. पंप तिथंच बर्फात टाकून तो आपल्या गाडीकडे धावला.

मारेन त्याच्या गाडीच्या काचेपर्यंत मागोमाग गेली.

“आधी सौनात बघा. आणि बाहेरून हाक मारून परत फिरू नका, व्हर्न. तो आतून ठीक आहे म्हणेल. दार उघडा. आत जा आणि बघा त्याच्याकडे.”