हिरवा दोरा
धाकट्या जावेच्या काचघरातल्या टोमॅटोंचे फोटो रोज घरच्या ग्रुपवर यायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. वर सासूबाईंचं पालुपद, “धाकटीच्या हाताला गुण आहे हो!” माझ्या गच्चीवरच्या काचघरात नुसता पाला माजलेला. परवा तिचा फोन आला, “रविवारी येते, तुमचं काचघर बघायला.” मग काय, रविवारी सकाळी बाजारातून दोन किलो टोमॅटो आणले आणि एकेक करून हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधले. ती सासूबाईंना घेऊनच आली. सासूबाई हरखल्या. “अगं, थोरलीनेही कमाल केली की!” धाकटी मात्र एका टोमॅटोपाशी वाकली. त्याची गाठ सुटत आली होती. तिने सासूबाईंकडे पाठ केली, गाठ घट्ट आवळली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “जाऊबाई, हिरवा दोरा उन्हात चमकतो. मी मासे पकडायचा पारदर्शक दोरा वापरते. उद्या पाठवते.”